तोंडाने काही नाही

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,


हे पत्र एका ओळीबद्दल आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या पोटात नळी बसवून आम्हाला घरी सोडलं, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर ती ओळ होती. निल बाय माउथ. तोंडाने काही नाही. त्या कागदावर बाकी सगळं होतं. फीड किती मिली, किती तासांनी, देताना डोकं किती वर ठेवायचं, नंतर नळीतून पाणी किती सोडायचं, नळीभोवतीची कातडी कशी पुसायची, नळी निसटली तर किती लवकर पोहोचायचं. दोन पानं भरून. तोंडाबद्दल मात्र एवढी एकच ओळ. आम्ही ती पाळली. इतकी इमानाने पाळली, की पुढची दोन वर्षं त्याच्या तोंडात कोणी डोकावलंच नाही. मीसुद्धा नाही.

आधी ओळख सांगते. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. सोनारांकडचं जुनं सोनं, पेढीवरची राख, झाडलोट विकत घ्यायची, भट्टीत गाळून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं, हा आमचा धंदा. विटा, आटपाडी, खानापूर या पाऊस न पडणाऱ्या मुलखातली हजारो घरं या धंद्यापायी देशभर पांगली. आमच्या सासऱ्यांच्या वाट्याला कुंभकोणम आलं. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि हॉस्पिटलात इंग्रजी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. पण पोटातलं सांगायचं तर मला मराठीच लागते, म्हणून हे पत्र मराठीत. आपल्या खात्याला ही भाषा अगदीच परकी नसावी. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल मी पुढे लिहिणार आहे, त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला झाली होती.

माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जन्मताना त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. सेरेब्रल पाल्सी. तो बसतो आधाराने, बोलतो डोळ्यांनी, हसतो मात्र आवाज करून. गिळणं त्याला जमत नाही. पहिली तीन वर्षं नाकातली नळी होती, जिला सगळे राइल्स ट्यूब म्हणतात. ती दर थोड्या दिवसांनी बदलायची, दर वेळी त्याने रडायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग डॉक्टरांनी पोटातून नळी घालायचं सुचवलं.

ही पोटातली नळी पहिल्यांदा बसवली गेली तीही एका तान्ह्या बाळालाच. १९७९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये मायकेल गॉडरर हे मुलांचे सर्जन आणि जेफ्री पॉन्स्की हे दुर्बिणीने जठर तपासणारे डॉक्टर, या दोघांनी मोठी शस्त्रक्रिया न करता दुर्बिणीच्या मदतीने जठरापर्यंत वाट केली. तिलाच आज पेग म्हणतात. या वाटेने जगभरात किती मुलं वाढली असतील! माझं त्यातलंच एक. त्या दोघांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तरी आमच्या घरात निर्णय व्हायला महिना लागला. पोटाला भोक, ही कल्पनाच सासूबाईंना सोसवेना. शेवटी शेजारच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, त्यांना इथलीच एक गोष्ट सांगितली. प्रलयात अमृताचा घडा वाहत वाहत या गावी येऊन टेकला. शंकराने शिकाऱ्याच्या वेषात येऊन बाण मारला, घडा फुटला आणि अमृत बाहेर सांडलं. तो कुंभ म्हणून हे कुंभकोणम, तोच घडा म्हणून गावाचं जुनं तमिळ नाव कुडमूक्कु आणि त्याचाच आदिकुंभेश्वर. पाट्टी म्हणाल्या, "घड्याचं तोंड उघडलं नाही म्हणून अमृत अडलं का? देवाने बाजूने वाट केली." सासूबाईंनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी ठरवली.

त्या गोष्टीवर मी दोन वर्षं काढली. त्याचं वजन वाढलं, केसांना तकाकी आली, औषध नळीतून जायला लागल्यापासून ठसके कमी झाले. पण घड्याच्या तोंडाचं पुढे काय झालं, ते त्या गोष्टीत कोणी सांगत नाही. आमच्या कागदावरही नव्हतं.

तो पाच वर्षांचा असताना एका सकाळी अंगणात त्याला न्हाऊ घालत होते. ऊन तोंडावर आलं, तो खळखळून हसला, आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला मला पिवळट तपकिरी असं काहीतरी दिसलं. सलग, जाड, फळीसारखं. मला वाटलं, दातांची दुसरी ओळ आली. मी यांना दुकानातून बोलावून घेतलं. हे दागिने तपासायचं भिंग घेऊनच आले. बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे दात नाहीत. कीट चढलंय."

आमच्या धंद्यात कीट हा रोजचा शब्द. मुशीत धातू वितळला की वर येतो तो मळ. तो वेळेवर काढला नाही तर चांगला धातूही हातचा जातो. माझ्या माहेरच्या भाषेत सांगायचं, तर बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून जो दगडासारखा थर धरतो, तसलं ते होतं. हिरडीला बोट लावलं की रक्त यायचं. तोंडाला वास तर होताच. तो आम्ही औषधांचा समजत होतो.

इथून आमची दंतवैद्यांच्या दारची वारी सुरू झाली. कोणाचं नाव घेणार नाही, गावांचंही नाही. त्यांतले काही इथले होते, काही मे महिन्यात आम्ही गावी जातो तिकडचे. एक म्हणाले, "हा खातच नाही ना? मग दात किडतील कशाला? मोठा झाला की बघू." एकांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वीस किलोचं ताठ अंगाचं मूल मी जिन्यावरून नेऊ शकले नाही. एकांनी मनापासून प्रयत्न केला, खुर्ची मागे झुकवली, पाण्याचा फवारा मारणारं यंत्र तोंडात घातलं आणि दुसऱ्या सेकंदाला तो निळा पडायला लागला. गिळता न येणाऱ्या मुलाला उताणं पाडून तोंडात पाणी सोडलं, तर ते पाणी फुप्फुसाकडेच जाणार. दोष त्या डॉक्टरांचा नव्हता. त्यांना हे कोणी शिकवलंच नव्हतं. गावाकडच्या एका काकींनी तर सहज म्हणून टाकलं, "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मात्र त्या रात्री जेवले नाही.

'खात नाही तर दात कशाला खराब होतील' हा सवाल मी चार वर्षांत इतक्यांदा ऐकला, की त्याचं उत्तर मला आता पाठ झालं आहे. आपल्यालाही तेच सांगते.

सवालात अर्धं खरं आहे. नळीवरच्या मुलांचे दात किडतात कमी, कारण कीड लागायला साखर तोंडात रेंगाळावी लागते. पण कीड हा दातांचा एकच शत्रू. आपण भाकरी चावतो तेव्हा दात घासले जातात, जीभ आणि गाल हलतात, लाळ सुटते, गिळली जाते, नवी येते. न विचारता, फुकट होणारी ती साफसफाई आहे. चावणंच थांबलं की ती थांबते. लाळ तोंडात साचते, तिच्यातले कॅल्शियम, फॉस्फेटसारखे क्षार दातांवरच्या चिकट थरात बसत जातात आणि त्याचा दगड होतो. नळीवरच्या मुलांत हा दगड फार झपाट्याने चढतो, आज काढला तर थोड्याच आठवड्यांत परत दिसायला लागतो. लाळेच्या ग्रंथी जिथे तोंडात उघडतात तिथे तो सर्वांत जास्त, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या बाहेरून. आमच्या पोराच्या तोंडात अगदी त्याच जागा भरल्या होत्या. यात भर म्हणजे यांतल्या कितीतरी मुलांना फिटची औषधं चालू असतात. त्यांपैकी फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात. पोटातलं आम्ल वर येत असेल तर दातांचं कवच झिजतं. लाळ कमी करायच्या औषधाने तोंड कोरडं पडतं. आणि तोंडाला कधी घासाची सवयच नसल्याने ओठाला नुसता हात लागला तरी मूल दचकतं, जबडा आवळतं. ज्या तोंडाला जास्त निगा हवी, तेच तोंड हात लावू देत नाही.

पण मी आपल्याला लिहायला बसले ते दातांच्या दिसण्यासाठी नव्हे. तोंडाने काही द्यायचं नाही असं कागदावर लिहिता येतं, पण लाळेला तो कागद वाचता येत नाही. माझं मूल दिवसरात्र आपलीच लाळ थोडी थोडी श्वासनळीत ओढतं. त्या लाळेत दातांवरच्या दगडात घर केलेले जंतू असतील, तर ते कुठे जाणार? नळी घालताना डॉक्टर सांगतात की अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून ही वाट. मग दारातूनच जंतू आत सोडत राहायचं आणि निमोनिया झाला की अँटिबायोटिक द्यायचं, हा कुठला हिशोब? जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक अभ्यास झाला, २००२ मध्ये तो छापून आला. ज्या म्हाताऱ्यांची तोंडं काळजीवाहकांनी रोज नीट घासली, त्यांच्यात शंभरात अकरा जणांना निमोनिया झाला. ज्यांची तशी घासली नाहीत, त्यांच्यात एकोणीस जणांना. ती माणसं म्हातारी होती, माझं मूल लहान आहे, हे मला कळतं. पण फुप्फुसाची वाट दोघांची एकच.

आमची वाट शेवटी एका शिकवणाऱ्या हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टर मुलीने मोकळी केली. तिने खुर्ची वापरलीच नाही. तो व्हीलचेअरवर बसलेला, डोकं माझ्या छातीशी, हनुवटी किंचित खाली. सक्शनची नळी गालात. पाण्याचं यंत्र बाजूला ठेवून तिने हाताच्या अवजारांनी एकेक टवका काढला, आणि निघालेला प्रत्येक टवका कापसावर मोजून ठेवला, कारण सुटलेला तुकडा घशात गेला तर तोच जीव घ्यायचा. तीन बैठका लागल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या दातांच्या मागची बाजू मला जन्मात पहिल्यांदा दिसली. पांढरी, छोटी, इतर कोणाच्याही मुलाच्या दातांसारखी. मी तिला विचारलं, "हे कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "इंटर्नशिपमध्ये एका मॅडमनी, त्यांच्या मर्जीने." मंत्रिमहोदय, हे 'मर्जीने' मी आजवर विसरलेले नाही.

तिने मला ब्रश धरायला शिकवला. आता रोज सकाळी फीडच्या आधी आमचा कार्यक्रम असतो, कारण पोट भरलेलं असताना ब्रश केला तर उलटी व्हायची. आधी त्याचा खांदा चोळते, मग मान, मग गाल, मग ओठ. थेट तोंडाला हात लावत नाही. मऊ केसांचा लहान डोक्याचा ब्रश पाण्यात बुडवून झटकून घेते. फेस न होणारी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. एका हाताशी सक्शन चालू. तो जबडा आवळतो, म्हणून दुसऱ्या ब्रशच्या दांडीला गॉज गुंडाळून ती मागच्या दातांत अडकवते. बोट कधीच घालत नाही, एकदा घालून पाहिलं, त्याची खूण अजून आहे. वरच्या दातांना तमिळ आकडे, ओण्णु, रेण्डु, मूणु, आणि खालच्यांना मराठी, असं मोजत जाते. आपल्याला खालचे दात कधी हे त्याला आकड्यांवरून कळतं, आणि 'एक' म्हटलं की तो हसतो. रात्री झोपताना परत. दोन्ही मिळून दहा मिनिटं. सक्शन मशीन आमच्याकडे आधीपासून होतं, नव्याने लागला तो ब्रश आणि ती पेस्ट. नंतरच्या दोन पावसाळ्यांत त्याला निमोनियासाठी भरती करावं लागलं नाही. ते ब्रशमुळेच, असा दावा मी करणार नाही. डॉक्टरही करत नाहीत. पण हिरडीतलं रक्त थांबलं आणि वास गेला, हे मी शपथेवर सांगते. आता मोठा भाऊ त्याच्या गालाला गाल लावून झोपतो. आधी तो तोंड फिरवायचा.

सातव्या वर्षी दुधाचे दात हलायला लागले. एरवी घरात किती कौतुक असतं याचं! गावी आम्ही पडलेला दात कौलावर फेकायचो, उंदराला म्हणायचो, जुना घे, नवा दे. मला मात्र रात्र रात्र झोप नसायची. झोपेत दात पडला आणि घशात गेला तर? त्याला तर खोकून बाहेरही काढता येणार नाही. त्याच डॉक्टर मुलीने हलणारे दात वेळेवर काढून दिले. पहिला दात आम्ही कुंभकोणमच्या आमच्या घराच्या कौलावर फेकला. इथल्या उंदरांना मराठी कळतं की नाही कोण जाणे, पण नवा दात आला.

आता आपल्या खात्याबद्दल. आपल्याकडे काही नाही, असं मी म्हणणार नाही. उलट, आहे म्हणून तर लिहिते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दंतक्षय आहे. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या आखणीत, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, दंतवैद्याची जागा आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये जवळच्या ठिकाणी मोफत उपचार, अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात अग्रक्रम, असं स्वच्छ लिहिलं आहे.

पण कार्यक्रमाची फिरती पथकं जातात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत. नळीवरचं मूल बहुधा दोन्हीकडे नसतं. ते घरात, खिडकीशी, गादीवर असतं. आणि पथक समजा आमच्या दारी आलंच, तर यादीत शोधायचं आहे दंतक्षय. आमच्या मुलाच्या दातांवर चढलेल्या दगडाला आणि सुजलेल्या हिरड्यांना त्या यादीत रकानाच नाही. 'कीड नाही' अशी खूण करून पथक समाधानाने पुढे जाईल.

सरकार घरी येऊ शकतं, हे मला इथेच दिसलं. तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ पासून 'मक्कळै तेडि मरुत्तुवम्' नावाची योजना सुरू केली. लोकांना शोधत येणारं वैद्यक, असा त्याचा अर्थ. रक्तदाब, मधुमेह, फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा, सगळं घराच्या उंबऱ्यापर्यंत. सासूबाईंचा रक्तदाब ओसरीवर मोजला जातो तेव्हा पलीकडे धाकटा हसत असतो, आणि पट्टा गुंडाळून झाला की मोजायला आलेल्या ताई त्याचा गालगुच्चा घेऊनच उठतात. त्या ताईंच्या पिशवीत एक ब्रश आणि एका पानाची सूचना सहज मावेल. दिल्लीने म्हटलं, तर ती देशभरच्या आशाताईंच्या पिशवीतही मावेल.

माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली. नळीवरचं मूल घरी सोडताना डिस्चार्जच्या कागदावर तोंडाची निगा लिहिलेली असावी, त्या राज्याच्या भाषेत, आणि नळीतून फीड कसं द्यायचं हे जसं आईकडून दोनदा करवून घेतात, तसं ब्रश करणंही एकदा करवून घ्यावं. याला पैसा लागत नाही. नर्सची पंधरा मिनिटं लागतात.

दुसरी. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दंतक्षयाच्या शेजारी दातांवरचा दगड आणि हिरड्यांचा आजार यावा. घरीच असणाऱ्या मुलांची नावं समग्र शिक्षा अभियानाकडे असतात, त्यांच्या विशेष शिक्षिका घरोघर जाऊन शिकवतात. ती यादी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जावी. नळी बसली की वर्षाच्या आत त्या मुलाला डीईआयसीतल्या दंतवैद्याने एकदा पाहिलेलं असावं.

तिसरी. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत. पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आहेत, बालदंतवैद्यक त्यांतली एक. अपंगांच्या दंतोपचाराची वेगळी शाखा मात्र नाही. ब्रिटनने ती २००८ साली मान्य केली. आपल्याकडे शाखा व्हायला वेळ लागेल, ते मी समजू शकते. पण बीडीएसच्या इंटर्नशिपच्या वर्षातले काही दिवस प्रत्येक विद्यार्थ्याने अशा मुलांबरोबर काढावेत, एवढं आजही करता येईल. गिळता न येणाऱ्या माणसाचे दात पाण्याविना, बसवून, सक्शन लावून कसे साफ करायचे, हे कुणाच्या मर्जीवर राहू नये.

चौथी. आमच्या मुलांना भूल द्यावीच लागते. कधी नळीसाठी, कधी पायाच्या ताठ स्नायूंसाठी, कधी हर्नियासाठी. दर वेळी आईचा जीव टांगणीला. त्याच टेबलावर, त्याच भुलेत, दंतवैद्याला बोलावून तोंड तपासलं आणि साफ केलं, तर एक भूल वाचते. शल्यक्रियेच्या आधीच्या यादीत एक प्रश्न घाला: दंतवैद्याला कळवलं का?

इथून चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे. तिथे दोनशे वर्षांपूर्वी आमच्याच भाषेचा राजा, दुसरे सरफोजी, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवत असे. कोणाला काय झालं, काय उपचार केले, डोळा आधी कसा आणि नंतर कसा, चित्रं काढून. त्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात अजून आहेत. मला त्या राजाचं कौतुक वाटतं ते कागदासाठी. जे लिहून ठेवलं, ते पुढच्याने पाहिलं. जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही असं होतं. आमच्या मुलांच्या तोंडाबद्दल लिहिलं होतं, पण फक्त काय करायचं नाही ते.

कोणी म्हणेल, ज्या देशात एवढ्या मुलांना पोटभर अन्न नाही, तिथे नळीवरच्या मूठभर मुलांचे दात कुठे घेऊन बसलात? मूठभर असतील. पण ही तीच मुलं आहेत, ज्यांना जगवण्यासाठी आपण व्हेंटिलेटर, ऑपरेशन, महिनोन्‌महिन्यांचा खर्च, सगळं केलंत. सोनं गाळून शुद्ध केल्यावर ते चिखलात ठेवून द्यावं, असं झालं हे. आणि तोंड म्हणजे फक्त खाण्याचं दार नव्हे हो. माझा मुलगा त्या तोंडाने हसतो, 'आ' म्हणतो, राग आला की ओठ मुरडतो. होळीला थेरपिस्टच्या परवानगीने मी पुरणाची नुसती चव त्याच्या ओठाला लावते. जीभ बाहेर येते, डोळे मिटतात, आणि तो थांबतो. विचार करत असावा. त्या तोंडाची किंमत मिलिलीटरमध्ये मोजता येत नाही.

आमचा तो दोन पानी कागद आता विरला आहे. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे. तिच्यावर 'तोंडाने काही नाही' या ओळीखाली मी पेनाने तमिळमध्ये लिहिलं, दिनमुम् इरण्डु मुरै पल् तेय्क्कवुम्, आणि तिच्याखाली मराठीत, रोज दोनदा दात घासा. फिजिओथेरपीला जाते तेव्हा बाकावर नवी आई दिसली, नव्या नळीचं पोर मांडीवर घेतलेली, की मी तिला एक प्रत देते. आतापर्यंत मी अकरा प्रती दिल्या. त्यांतल्या सात जणींनी विचारलं, "अक्का, हे डॉक्टरांनी का नाही सांगितलं?"

बारावी प्रत या पत्राला जोडली आहे. माझं अक्षर चांगलं नाही. तेवढी ओळ आपण छापील करून द्यावी.

आपली नम्र,
कुंभकोणममधली एक आई